आभाळातील रांग

विमानाची गोष्ट निघाली की आपण पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. ताशी किती मैल जाते? मुंबईहून दिल्लीला किती वेळात पोचवते? ते किती हळू उतरते, हा प्रश्न काही कोणाच्या तोंडी येत नाही. उतरणे म्हणजे प्रवास संपणे, आणि संपलेल्या गोष्टीचे कौतुक कोण करतो! पण विमानांचा इतिहास वाचण्याचा नाद मला लागल्यापासून माझे लक्ष या दुसऱ्या प्रश्नावरच खिळत आले आहे. कारण एके काळी वीस लाखांहून अधिक वस्तीचे एक शहर जगते की मरते, हे विमाने किती वेगाने उडतात यावर फारसे अवलंबून राहिले नव्हते. ती एकामागून एक कोणत्या वेगाने आणि किती अंतराने उतरतात यावर राहिले होते. ते शहर बर्लिन, आणि साल १९४८.

दिवाळीत एस. टी.च्या स्थानकावर सामानसुमान आणि पोरेबाळे घेऊन उभे राहिलेल्यांना रांग म्हणजे काय, हे मी सांगायला नको. परंतु जमिनीवरच्या रांगेत एक मोठे सुख असते. पुढचा थांबला की मागच्याला थांबता येते. आभाळातल्या रांगेत ते सुख नाही. तेथे थांबणे म्हणजे पडणे.

हे असे का, ते आधी थोडक्यात सांगतो. विमानाला वर धरून ठेवते ती त्याच्या पंखांवरून वाहणारी हवा. वेग कमी होत गेला तर नाक थोडे वर उचलून तेवढीच उचल टिकवता येते. पण त्याला हद्द आहे. ती ओलांडली की हवा पंखाला धरून वाहीनाशी होते आणि उचल एकाएकी सुटते. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. म्हणून उतरताना या घातक वेगावर बऱ्यापैकी पुंजी हाताशी ठेवावी लागते. घातक वेग शंभर असेल, तर धावपट्टीकडे येताना एकशेतीस ठेवावा, असा साधारण संकेत आहे. मग त्याहूनही जास्त वेगाने येऊन का उतरू नये? तर त्याचा दंड धावपट्टीवर भरावा लागतो. वेग एक दशांशाने वाढला तर विमानाच्या अंगातला जोर एक पंचमांशाहून अधिक वाढतो, आणि तो सगळा जोर पट्टी संपण्याच्या आत जिरवावा लागतो.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक काच असतो. त्याचे एक इंजिन बंद पडले तर निम्मी शक्ती गेली, एवढ्यावर भागत नाही. उरलेले इंजिन विमानाला एका अंगाला फिरवू लागते. शेपटीकडचे सुकाणू दाबून ते सरळ ठेवता येते खरे, पण सुकाणूला वारा लागतो, म्हणजे वेग लागतो. एका ठरावीक वेगाखाली वैमानिकाने पायाने कितीही जोर केला तरी विमान वळते आणि कलंडते. चार इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन गेले तर चवथाई शक्ती जाते. दोन इंजिनांच्याची अर्धी जाते. म्हणून दोन इंजिनांचा वैमानिक उतरताना दोन हद्दी मनात बाळगून असतो. त्याला खालून कोणी म्हटले, “जरा सावकाश ये बाबा, पुढे एक आहे,” तर त्याला ते एका मर्यादेपर्यंतच ऐकता येते. आणि “लवकर ये, मागे एक आहे,” हेही तसेच.

तात्पर्य, प्रत्येक जातीच्या विमानाला उतरण्याचा स्वतःचा असा एक वेग असतो. मुंबईच्या लोकलगाड्यांत धिम्या गाडीचे रूळ वेगळे आणि जलद गाडीचे वेगळे, म्हणून दोघींचे जमते. विमानतळावर धावपट्टीकडे येणारी शेवटची वाट मात्र सर्वांची एकच. घाटातल्या अरुंद रस्त्यावर बैलगाडीमागे मालमोटार लागली म्हणजे जे होते, ते या वाटेवर होऊ शकते. फरक इतकाच, की येथे मागच्याला ब्रेक दाबून उभे राहता येत नाही.

आता आपल्या कथेतल्या बैलगाडीची ओळख करून देतो. बैलगाडी म्हणताना मनात अनादर नाही. उलट फार आदर आहे. तिचे नाव डकोटा. अमेरिकेच्या डग्लस कारखान्याचे हे दोन इंजिनांचे विमान १९३५ सालच्या १७ डिसेंबरला प्रथम उडाले. महायुद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांवर बनल्या. ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने ते धावपट्टीकडे येई आणि त्याहूनही कमी वेगाने जमिनीला टेकत असे. त्यामुळे त्याला लांब फरसबंद पट्टी लागत नसे. बऱ्यापैकी माळ मिळाला तरी पुरे. १९४७ च्या २७ ऑक्टोबरला आपले सैन्य दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते डकोटांतून, आणि तेही कच्च्या पट्टीवर. पुढच्याच वर्षी मे महिन्यात मेहेरसिंग यांनी लेहला, साडेदहा हजार फुटांच्या उंचीवर, नुकत्याच तयार केलेल्या पट्टीवर डकोटा उतरवले. हळू उतरण्याचा गुण नसता तर या दोन्ही गोष्टी झाल्या नसत्या. एकट्याने जायचे असेल तर हळू उतरणे हा केवढा मोठा गुण आहे!

तोच गुण रांगेत उभे राहिल्यावर दोष कसा ठरला, हीच बर्लिनची गोष्ट.

महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीची वाटणी चार विजेत्यांनी करून घेतली. बर्लिन शहर रशियाच्या वाट्याच्या ऐन पोटात, पण शहराचीही पुन्हा चौघांत वाटणी. म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याकडे असलेले पश्चिम बर्लिन हे चोहोबाजूंनी रशियाच्या मुलखाने वेढलेले बेट झाले. रस्ते आणि लोहमार्ग यांच्याविषयी लेखी करार काही झाला नव्हता. पण विमानांसाठी मात्र १९४५ च्या नोव्हेंबरात लेखी ठरले होते. हँबर्गकडून, हॅनोव्हरकडून आणि फ्रँकफर्टकडून अशा तीन वाटा, प्रत्येकी वीस मैल रुंद. त्या वेळी हा करार किती महत्त्वाचा ठरणार आहे, हे त्यावर सह्या करणाऱ्यांना क्वचितच वाटले असेल.

पुढे विजेत्यांचे आपसांत बिनसले. १९४८ च्या एप्रिलात गाटोव विमानतळावर उतरण्याच्या बेतात असलेल्या ब्रिटिश प्रवासी विमानाला एका रशियन लढाऊ विमानाची धडक बसली. व्हायकिंग जातीचे ते दोन इंजिनांचे विमान होते. त्यातील चौदाही माणसे आणि रशियन वैमानिक मृत्युमुखी पडले. उतरत्या वाटेवरचे आभाळ किती अरुंद असते, याची ती भीषण सूचना होती. जूनच्या २४ तारखेला रशियाने रस्ते, लोहमार्ग आणि कालवे बंद केले. पश्चिम बर्लिनमध्ये त्या वेळी वीस लाखांहून अधिक माणसे होती. अन्न, कोळसा, औषधे, सगळे बाहेरून येणारे. रोज निदान साडेचार हजार टन माल आला तर कसाबसा जीव तगेल, असा हिशेब निघाला. उरल्या होत्या त्या फक्त आभाळातल्या तीन वाटा.

२६ जूनला अमेरिकेची डकोटा विमाने माल घेऊन निघाली. दोन दिवसांनी ब्रिटिशांची निघाली. अमेरिकनांनी या मोहिमेला ‘व्हिटल्स’ म्हणजे शिधा असे नाव दिले, तर ब्रिटिशांनी ‘प्लेनफेअर’ म्हणजे साधे जेवण. त्यांच्या भाषेत यात विमान या शब्दावर श्लेषही साधतो. उत्साह दांडगा होता. झोप नाही, जेवण धड नाही, पण वैमानिक एकामागून एक फेऱ्या मारीत होते. मिळेल ते विमान, मिळेल तेव्हा भरायचे आणि पाठवायचे. डकोटा साधारण साडेतीन टन माल नेई. त्यांच्या जोडीला हळूहळू चार इंजिनांची स्कायमास्टर विमाने येऊ लागली. ती दहा टन नेत.

आणि मग घाटातला प्रकार सुरू झाला. मी कागद-पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब करून पाहिला. वाचकांनीही करून पाहावा. समजा, वाट अडीचशे मैलांची आहे. एक विमान ताशी दीडशे मैल जाते आणि दुसरे ताशी एकशेसत्तर. पहिल्याला शंभर मिनिटे लागतात, दुसऱ्याला अठ्ठ्याऐंशी. म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या अंतराने विमाने सोडली, तर पोचेपर्यंत जलद विमानाने पुढच्या चार जागा ओलांडलेल्या असतात. वाट अरुंद, ढग दाट, खिडकीतून काही दिसत नाही. मग हळू चालणाऱ्यांसाठी एक उंची, जलद चालणाऱ्यांसाठी दुसरी, अशी मजल्यावर मजले चढवून व्यवस्था लावावी लागते. पण बर्लिन आले की सगळ्यांना एकाच मजल्यावर, एकाच पट्टीवर यायचे! शेवटच्या पाच मैलांत ताशी शंभर मैलांनी येणाऱ्याला तीन मिनिटे लागतात आणि ताशी एकशेवीस मैलांनी येणाऱ्याला अडीच. ही अर्ध्या मिनिटाची तफावत प्रत्येक जोडीमागे साचत गेली तर नियंत्रकाच्या कपाळाला घाम फुटणारच. मागचा पुढच्याच्या पाठीवर चढू नये म्हणून दोघांमध्ये जास्त जागा सोडायची, म्हणजे मिनिटे वाया घालवायची; आणि उपाशी शहराच्या दृष्टीने वाया गेलेले प्रत्येक मिनिट म्हणजे कित्येकांच्या चुलीचा कोळसा.

टेम्पलहोफचा विमानतळ तर भर शहरात. चाळीसारख्या उंच घरांच्या रांगांमधून, एका स्मशानभूमीवरून विमाने खाली येत. २५ जुलैला एक डकोटा टेम्पलहोफकडे येत असता फ्रीडेनाऊ भागातल्या एका घरावर आदळले. दोघेही वैमानिक गेले. कालपरवापर्यंत ज्या देशाच्या विमानांनी बाँब टाकले, त्याच देशाचे दोन तरुण आपल्याला पीठ आणता आणता मेले, हे पाहून बर्लिनकर हेलावले. अपघाताच्या जागी त्यांनी आपण होऊन त्यांच्या स्मरणाची पाटी लावली.

जुलैच्या अखेरीस या मोहिमेची सूत्रे विल्यम टनर यांच्या हाती आली. या गृहस्थांचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आला होता. महायुद्धात ब्रह्मदेशचा रस्ता बंद पडल्यावर आसामातून हिमालयाच्या फाट्यांवरून चीनला विमानांनी माल जाई. त्या वाटेला वैमानिक ‘हंप’ म्हणजे वशिंड म्हणत. १९४४ पासून तिचे प्रमुख टनर होते. आसामच्या पावसात आणि डोंगरांत त्यांनी जो धडा घेतला, तो असा, की हवाई वाहतुकीत शौर्याला फार वाव राहू देऊ नये. शौर्य दाखवायची पाळी आली, याचा अर्थ व्यवस्थेत कोठेतरी चुकले. मोहिमा कंटाळवाण्या झाल्या पाहिजेत, घड्याळाच्या टिकटिकीसारख्या.

१३ ऑगस्ट १९४८, शुक्रवार. टनर स्वतः विमानाने बर्लिनला निघाले होते. शहरावर ढग घरांच्या छपरांपर्यंत उतरले होते आणि पाऊस कोसळत होता. त्यांच्या आधी टेम्पलहोफला आलेले एक स्कायमास्टर पट्टी ओलांडून पुढे गेले आणि पेटले. मागून आलेल्याने त्याला वाचवण्यासाठी ब्रेक इतके दाबले की चाके फुटली. तिसरे चुकून अर्धवट बांधलेल्या पट्टीवर उतरले. नियंत्रकांनी उतरवणे थांबवले. पण फ्रँकफर्टकडून तीन-तीन मिनिटांनी विमाने येतच होती. त्यांना शहरावर घिरट्या घालायला लावले. तीन हजार फुटांपासून बारा हजार फुटांपर्यंत विमानांची उतरंड रचली गेली, ढगांत, एकाला दुसरे दिसत नाही अशी. त्या उतरंडीत खुद्द टनरांचे विमान अडकले होते. शेवटी त्यांनी रेडिओवरून हुकूम दिला, की आपल्या विमानाखेरीज बाकी सगळी मालासकट परत पाठवा.

त्या दिवसातून जे नियम निघाले त्यांनी बर्लिन वाचवले, असे म्हटले तरी चालेल. पहिला, हवा निरभ्र असो वा अंधारी, सर्वांनी उपकरणांच्या आधारे, एकाच पद्धतीने, ठरलेल्या वेगाने उडायचे. जायच्या वाटा दक्षिणेची आणि उत्तरेची, परतण्याची मधली. समोरासमोर यायचा प्रसंगच नको. फुल्डा गावाच्या रेडिओ-खुणेवरून जाताना प्रत्येकाने आपली वेळ सांगायची. मागच्याने ती ऐकून आपले तीन मिनिटांचे अंतर नीट करून घ्यायचे. आणि सर्वांत अवघड नियम शेवटचा. बर्लिनवर घिरट्या बंद. एकदा प्रयत्न करावा. पट्टी सापडली नाही, अंतर बिघडले, की दुसरा प्रयत्न करायचा नाही. सगळा माल घेऊन सरळ परत जायचे आणि रांगेच्या शेवटी उभे राहायचे.

या नियमाचा मी पुष्कळदा विचार केला आहे. दहा टन पीठ पाठीशी आहे, खाली उपाशी माणसे आहेत, आणखी एक फेरा मारला तर पट्टी दिसेलही; आणि तरी परत फिरायचे! कोणत्याही जिद्दीच्या माणसाला हे नामर्दपणाचे वाटेल. पण त्या एका फेऱ्याने मागच्या दहा जणांची वेळ चुकली असती. परत फिरण्यात अपमान नाही, असे ठरवून टाकल्यामुळे वैमानिकाच्या डोक्यावरचे केवढे ओझे उतरले असेल! जमले नाही तर ‘जमले नाही’ म्हणायची सोय जेथे असते, तेथेच बहुतेक वेळा जमते.

या व्यवस्थेत डकोटाचे काय झाले? टनरांचा हिशेब निष्ठुर होता. दिवसाची मिनिटे चौदाशेचाळीस. तीन मिनिटांना एक उतरले तर एका पट्टीवर दिवसाला चारशेऐंशी विमाने उतरतात. ती सगळी डकोटा असतील तर माल सोळाशेऐंशी टन. सगळी स्कायमास्टर असतील तर चार हजार आठशे टन. शहराची भूक साडेचार हजारांची! शिवाय डकोटा जमिनीवर उभे राहते ते शेपूट टेकून, त्यामुळे त्याची आतली जमीन उतरती. पोती चढावर ओढावी लागत. स्कायमास्टर नाकाखालच्या चाकामुळे सपाट उभे राही आणि मालमोटार सरळ दाराशी लावता येई. १९४८ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकनांनी आपली डकोटा विमाने या कामावरून काढून घेतली. पहिल्याच दिवसांत ज्यांनी हाक ऐकली, त्यांना रांगेतून बाजूला व्हावे लागले.

ब्रिटिशांना ही चैन परवडण्यासारखी नव्हती. युद्धाने त्यांची तिजोरी रिकामी केली होती. त्यांच्याकडे होते ते असे नाना जातींचे. डकोटा होती, चार इंजिनांची यॉर्क होती, हेस्टिंग्ज होती, खासगी कंपन्यांची जुनी बाँबफेकी विमाने होती. पाण्यावर उतरणारी सुंदरलँड विमाने तर हाफेल सरोवरात उतरत आणि मीठ आणीत. समुद्रासाठी बांधलेली असल्यामुळे त्यांना मिठाने गंजण्याची भीती कमी. असल्या वऱ्हाडाला एकच वेग कोठून द्यायचा? त्यांनी वेगळी युक्ती काढली. एका वेगाच्या विमानांचा एक जथा करायचा आणि प्रत्येक जथ्याला बर्लिनला पोचण्याची वेळ बांधून द्यायची. आता डकोटांची पाळी, आता यॉर्कची. जथ्याच्या आत सगळे सारखे. म्हणून कोणी कोणाच्या पाठीवर चढत नाही. ब्रिटिश डकोटांना लुबेकचा तळ मिळाला. तेथून ती गाटोवला माल नेत आणि परतताना आजारी माणसे, अशक्त मुले बाहेर काढीत. त्या कामालाही किंमत पडली. १९४९ च्या जानेवारीत बर्लिनहून प्रवासी घेऊन लुबेकला उतरण्यासाठी येणारे एक डकोटा पडले आणि त्यातली कित्येक माणसे गेली.

हळू चालणाऱ्याचे रांगेत काय करायचे, या प्रश्नाला अशी दोन उत्तरे एकाच वेळी, एकाच आभाळात दिली गेली. एकाने म्हटले, त्याला बाजूला करा. भूक मोठी आहे. दुसऱ्याने म्हटले, त्याला त्याची वेळ द्या. कोणते बरोबर? आकड्यांनी पाहिले तर टनरांचे. अमेरिकनांनी वाहिलेला माल ब्रिटिशांच्या कितीतरी पट अधिक भरला. पण ज्याच्याजवळ निवड करण्याइतकी श्रीमंती नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर ब्रिटिशांनी दिले, आणि जगातल्या बहुतेक विमानतळांना पुढे तेच गिरवावे लागले. दोन्ही उत्तरांच्या मुळाशी गोष्ट एकच होती. उतरणाऱ्याला त्याच्या विमानाला न झेपणारा वेग ठेवायला लावू नका. रांग त्याच्या वेगाभोवती बांधा.

हिवाळ्यापूर्वी तिसरा विमानतळ हवा होता. फ्रेंचांच्या भागात टेगेल येथे बाँबने पडलेल्या घरांच्याच विटा-दगडांवर पट्टी उभी राहिली. हजारो बर्लिनकर, त्यांत बायका पुष्कळ, पाळ्यांनी रात्रंदिवस राबल्या. ऑगस्टात सुरू केलेल्या कामावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला विमाने उतरू लागली. जवळच रशियनांच्या ताब्यातील रेडिओचे उंच मनोरे उतरत्या वाटेच्या आड येत होते. ते काढायची विनंती ऐकली जाईना, तेव्हा १६ डिसेंबरला फ्रेंच सेनापती गानेव्हाल यांनी ते सुरुंग लावून पाडले!

मुलांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. गेल हॅल्वोर्सन नावाच्या अमेरिकन वैमानिकाला टेम्पलहोफच्या कुंपणाशी उभी असलेली मुले भेटली. त्याच्या खिशात चघळायच्या गोळीच्या दोनच कांड्या होत्या. त्या मुलांनी भांडण न करता वाटून घेतल्या. ज्यांना मिळाले नाही ती नुसता कागद हुंगून समाधान पावली. उद्या विमानातून खाऊ टाकीन, असे तो म्हणाला. इतक्या विमानांत तुझे कोणते ओळखायचे? तर पंख हलवीन ते माझे! मग हातरुमालांच्या छत्र्यांना बांधलेली चॉकलेटे उतरत्या वाटेवरून खाली येऊ लागली. पुढे इतरही वैमानिक तसे करू लागले. बर्लिनची माणसे या विमानांना ‘मनुकांची बाँबफेकी’ म्हणत. हा खाऊवाला वैमानिक १०१ वर्षांचा होऊन २०२२ साली वारला.

१९४९ च्या एप्रिलात, ईस्टरच्या सणाला, टनरांनी एक दिवस सर्व शक्ती लावून पाहिली. चोवीस तासांत १,३९८ फेऱ्या झाल्या. बारा हजार नऊशेवर टन कोळसा उतरला. म्हणजे साधारण दर मिनिटाला एक विमान! महिन्याभरातच, १२ मे रोजी, रशियाने रस्ते उघडले. विमाने सप्टेंबरअखेरपर्यंत साठा करीत राहिली. सव्वादोन लाखांहून कितीतरी अधिक, म्हणजे सुमारे दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार फेऱ्यांत तेवीस लाख टन माल गेला, आणि अपघातांत शंभरावर माणसे मेली.

त्याच वर्षी आपल्याकडे एक लहानशी गोष्ट घडत होती, तिचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चौघेही नागपूरला उतरत. थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! चार दिशांनी येणारी विमाने अंधारात एका पट्टीवर एकामागून एक उतरवायची, तर तीही रांगच की. आणि ती वाहणारी होती डकोटाच. बर्लिनला ज्याला बाजूला व्हावे लागले, ते नागपूरला मानाने उतरत होते. कारण येथे पुढचा-मागचा त्याच्याच जातीचा होता.

आज चित्र पालटले आहे. १९४८ साली दोन इंजिने म्हणजे हळू आणि चार इंजिने म्हणजे जलद. आता प्रवासी वाहतुकीतली बहुतेक मोठी जेट विमाने दोन इंजिनांचीच असतात आणि ताशी दीडशे मैलांच्या मागेपुढे वेगाने धावपट्टीकडे येतात. पण त्याच वाटेने पंखे असलेली लहान दोन इंजिनांची विमानेही येतात, आणि मोठ्या विमानामागे हवेत राहणाऱ्या भोवऱ्यांपासून त्यांना दूर ठेवावे लागते. म्हणून उतरण्याच्या वेगावरून विमानांच्या अ, ब, क, ड अशा प्रती ठरवल्या आहेत. मुंबईच्या सांताक्रूझला दोन पट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे काम बहुधा एकीवरच चालते. २०१८ साली तेथे चढणारी-उतरणारी मिळून एका दिवसात हजारावर विमाने झाली, म्हणजे दीड मिनिटालाही थोडे कमीच. नियंत्रक अजूनही सांगतो, की अमुक मैलांपर्यंत अमुक वेग ठेव. वैमानिक तो शक्य तेवढा ठेवतो. शेवटच्या चार-पाच मैलांत मात्र आपल्या विमानाच्या वेगावर येतो. आणि त्याला झेपणार नसेल तर ‘जमणार नाही’ असे दोन शब्द बोलण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. नियंत्रक रागावत नाही. तो त्याच्यासाठी रांग पुन्हा लावतो.

टेम्पलहोफचा विमानतळ २००८ साली बंद झाला. त्याच्या पट्ट्यांवर आता लोक फिरायला येतात, मुले सायकली चालवतात आणि पतंग उडवतात. दाराशी १९५१ साली उभारलेले स्मारक आहे. वर जाऊन पश्चिमेकडे वळलेल्या तीन काँक्रीटच्या कमानी, तीन हवाई वाटांच्या. खाली मेलेल्यांची नावे. बर्लिनचे लोक त्याला थट्टेने ‘भुकेचे दाताळे’ म्हणतात. मला ते दाताळे फार बोलके वाटते. शेतातले दाताळे उपयोगी पडते ते त्याच्या दातांमध्ये सारखे अंतर असते म्हणून. त्या अकरा महिन्यांत बर्लिनला ज्याने तारले, तेही विमानामागून विमानाचे असेच एक सारखे अंतर होते, आणि ते राखण्यासाठी भरल्या विमानानिशी मागे फिरलेली माणसे होती.